दबावगट शिकवताना : कांद्याच्या एका निर्णयावरून चार तासिका

माध्यमिक शाळेत राज्यशास्त्र शिकवताना राजकीय पक्षांना स्वतंत्र प्रकरण मिळते, चळवळींनाही मिळते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वावरणारे, आपल्या हितासाठी सरकारी निर्णयांवर दबाव आणणारे दबावगट किंवा हितसंबंधी गट मात्र बहुधा एका परिच्छेदात उरकले जातात. व्याख्या, प्रकार आणि राजकीय पक्ष व दबावगट यांतील फरक एवढे सांगितले की घटक संपला, असे मानण्याची आपली सवय आहे. हा फरक चार मुद्द्यांत बिनचूक लिहिणारा विद्यार्थी आपल्याच तालुक्याच्या बाजार समितीत लिलाव बंद पडलेले पाहतो, रिक्षा संघटनेने मागितलेल्या भाडेवाढीची बातमी वाचतो, औषध विक्रेत्यांचा एक दिवसाचा बंद अनुभवतो; पण यांपैकी कशाचाही आपण पाठ केलेल्या उत्तराशी संबंध आहे, असे त्याला वाटत नाही.

पुढील मांडणी नववी ते बारावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. तिचा गाभा एवढाच की, गटांच्या प्रकारांपासून सुरुवात न करता सरकारच्या एखाद्या ठरावीक निर्णयापासून सुरुवात करावी आणि तो निर्णय कोणी, कोणत्या साधनाने, कोणाच्या दारात जाऊन बदलवला किंवा बदलवण्याचा प्रयत्न केला, हे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावे. व्याख्या तिसऱ्या तासिकेपर्यंत आली नाही तरी बिघडत नाही. तोवर विद्यार्थी ती स्वतःच्या शब्दांत सांगू लागलेले असतात.

निर्णय कोणता निवडावा

निर्णय निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या तारखा आणि तपशील जाहीर असावेत, म्हणजे चर्चा ऐकीव माहितीवर घसरत नाही. त्यात किमान तीन गटांचे हितसंबंध एकमेकांना छेद देणारे असावेत. आणि कोणत्याही एका गटाची बाजू उघडउघड खोटी किंवा दुष्ट नसावी. कारण खलनायक आधीच ठरला असेल तर विद्यार्थी विचार करणे थांबवतात आणि शिक्षकाला आवडेल ते उत्तर देऊ लागतात.

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांसाठी 2023 ते 2025 या काळातील कांदा निर्यातीचे निर्णय या तिन्ही कसोट्यांना उतरतात, म्हणून पुढे तेच उदाहरण सविस्तर घेतले आहे. किनारपट्टीवरील शाळेत पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी मासेमारी करणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील वाद अधिक जवळचा वाटेल. राज्य शासनाने 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर घातलेल्या निर्बंधांपासून तेथे सुरुवात करता येते. गोव्यातील शिक्षकांना खाणींचे उदाहरण सोडून दुसरीकडे जाण्याची गरजच नाही: एका बाजूला गोवा फाउंडेशनसारखी पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेलेली, दुसऱ्या बाजूला खाणींवर पोट असलेले ट्रकमालक, बार्जमालक आणि कामगार रस्त्यावर आलेले, आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे राज्य सरकारच पेचात सापडलेले. निर्णय कोणताही असो, पुढील पद्धत तीच राहते.

पहिली तासिका: तारखा फळ्यावर

पहिल्या तासिकेत कोणाची बाजू बरोबर, ही चर्चा होऊ देऊ नये. फळ्यावर केवळ घटनाक्रम लिहावा. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले. त्याविरोधात नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. लासलगावसारखी देशातील अग्रगण्य कांदा बाजारपेठही थांबली. सरकारने नाफेड या राष्ट्रीय सहकारी पणन संस्थेमार्फत क्विंटलला 2,410 रुपये दराने अतिरिक्त खरेदी करण्याची घोषणा केली. 20 सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा जवळपास दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर हे किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखाली निर्यात करता येत नाही असा दर, ठरवण्यात आले आणि 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातीवर थेट बंदी आली.

मार्च 2024 अखेरपर्यंत असलेली ही बंदी पुढे वाढवण्यात आली. एप्रिल 2024 च्या शेवटच्या आठवड्यात गुजरातमधील 2,000 टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. 4 मे रोजी बंदी उठली, तथापि टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावण्यात आले. 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान निर्यातमूल्य हटवून शुल्क 20 टक्क्यांवर आणले गेले आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही काढून टाकण्यात आले.

हा क्रम लिहून झाला की त्याच्या शेजारी दुसऱ्या रंगाच्या खडूने आणखी दोन तारखा लिहाव्यात: 20 मे 2024, म्हणजे नाशिक आणि दिंडोरी लोकसभा मतदारसंघांतील मतदानाचा दिवस, आणि 20 नोव्हेंबर 2024, म्हणजे महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाचा दिवस. यावर शिक्षकाने स्वतः काहीही म्हणू नये. वर्गातून कोणीतरी दोन रंगांमधील अंतर मोजतेच. त्या क्षणी मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे: दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. सप्टेंबरमध्ये शुल्क कमी झाले ते निवडणुकीमुळे की त्या वर्षी खरिपाचा पेरा वाढल्याने टंचाईची भीती कमी झाली म्हणून, हा प्रश्न खुला ठेवावा आणि कोणता पुरावा मिळाला तर आपले मत बदलेल, हे विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगावे. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा पराभव झाला आणि त्यामागील एक कारण म्हणून कांद्याकडे बोट दाखवले गेले. यालाही हीच शिस्त लावावी.

दुसरी तासिका: गट ओळखणे, आणि गटाच्या आतले गट

वर्गाचे पाच-सहा गट करून प्रत्येकाला एक भूमिका द्यावी: कांदा उत्पादक शेतकरी, बाजार समितीतील व्यापारी, निर्यातदार, हमाल-मापारी, शहरातील ग्राहक, आणि केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग. प्रत्येक गटाने तीन प्रश्नांची उत्तरे तयार करावीत: या निर्णयाने आमचे काय जाते किंवा मिळते, आम्ही किती जण आहोत, आणि आम्हांला एकत्र आणणारी संघटना आहे काय.

पहिल्या फेरीत उत्तरे ढोबळ येतील. ‘शेतकऱ्यांचे नुकसान, ग्राहकांचा फायदा’ एवढ्यावर विद्यार्थी थांबतात, म्हणून दुसऱ्या फेरीत शिक्षकाने एकेका गटात फट शोधायला लावावी. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो उन्हाळ कांदा काही महिने राखून ठेवू शकतो. ज्याच्याकडे चाळ नाही किंवा ज्याला लागलीच कर्ज फेडायचे आहे, त्याला काढणी झाल्याबरोबर विकावे लागते. सप्टेंबरमध्ये भाव चढला तर पहिल्याला लाभ होतो. दुसऱ्याचा माल तोवर कधीच विकला गेलेला असतो. गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या उत्पादकाला एप्रिल 2024 ची परवानगी न्याय्य वाटली असेल. नाशिकच्या लाल कांद्याच्या उत्पादकाला ती पक्षपाती वाटली. ‘शेतकरी’ हा एकसंध गट नाही, हे येथे आपोआप उमगते.

व्यापाऱ्यांची बाजू आणखी बोधप्रद आहे आणि तिच्यावर थोडा अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. निर्यात शुल्काला त्यांचा विरोध होता आणि शेतकऱ्यांचाही होता. म्हणजे मागणी समान. पण व्यापाऱ्यांचे साधन होते लिलाव बंद ठेवणे, आणि लिलाव बंद राहिले की शेतकऱ्याचा माल चाळीत सडतो. शिवाय सप्टेंबरच्या आंदोलनात निर्यात शुल्काबरोबरच बाजार शुल्क कमी करण्याची मागणीही होती, जी व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या खर्चाशी निगडित होती. व्यापक मागणीच्या पाठीवर आपली स्वतंत्र मागणी पुढे नेणे हे हितसंबंधी गटांचे सर्वत्र आढळणारे वैशिष्ट्य आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र निवेदनातील मागण्यांची यादी वाचताना कोणती मागणी कोणाच्या उपयोगाची आहे, हे वेगळे काढता आले पाहिजे. यासाठी एखाद्या संघटनेचे वर्तमानपत्रात आलेले मागणीपत्र वर्गात वाटावे आणि प्रत्येक मागणीपुढे लाभार्थी लिहायला सांगावे. पंधरा मिनिटांचा हा उपक्रम दहा व्याख्यांपेक्षा अधिक शिकवतो.

हमाल-मापाऱ्यांचा गट विद्यार्थी सहसा विसरतात. माल न विकता होणारे नुकसान त्यांच्या वाट्याला येत नाही; पण लिलाव बंद राहिले की त्यांची त्या दिवसाची मजुरीच बुडते. याच वर्गाने अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित होऊन 1969 चा माथाडी कायदा मिळवला, हे सांगितले की असंघटित श्रमिकांचा गट कायद्यापर्यंत कसा पोहोचतो याचे घरचे उदाहरण हाती येते.

संघटना कोणाची होते, कोणाची होत नाही: फळ्यावरचे गणित

दुसऱ्या तासिकेच्या उत्तरार्धात ग्राहकांच्या गटाला उभे करून विचारावे की, तुम्ही संख्येने सर्वांत जास्त आहात, मग तुमचा मोर्चा का निघाला नाही? उत्तर गणितातून काढून घ्यावे. एक कुटुंब महिन्याला पाच किलो कांदा वापरते आणि भाव किलोमागे वीस रुपयांनी वाढला, असे धरू. त्या कुटुंबाचा महिन्याचा जादा खर्च शंभर रुपये होतो. आता एका शेतकऱ्याकडे शंभर क्विंटल माल आहे आणि भाव किलोमागे दहा रुपयांनी पडला, असे धरू. त्याचे नुकसान एक लाख रुपये होते. शंभर रुपयांसाठी कोणी कामाचा दिवस बुडवून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसत नाही. एक लाखासाठी बसतो. हानी थोड्या लोकांवर एकवटली की संघटना होते आणि असंख्यांवर विखुरली की होत नाही, हा सिद्धांत दहावीच्या विद्यार्थ्याला या दोन आकड्यांतून पुरेसा कळतो. आकडे गृहीत आहेत, हे स्पष्ट सांगावे आणि घरच्या खर्चानुसार ते बदलून पाहायला सांगावे.

गणित येथेच थांबवले तर ते अर्धवट राहते. या उदाहरणात संघटना नसलेल्या ग्राहकाचेच हित सरकारने दीर्घकाळ राखले, हे तारखांवरून दिसते. ज्यांनी लिलाव बंद केले, रस्ते अडवले, निवेदने दिली, त्यांना बंदी उठायला पाच महिने थांबावे लागले. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांच्यासाठी बंदी आली. असे का झाले? कारण महागाईचा राग निवडणुकीत व्यक्त होतो, अशी प्रत्येक सरकारची धास्ती असते. 1998 मध्ये कांद्याचे भाव भडकलेले असताना दिल्लीत विधानसभा निवडणूक झाली आणि सत्तांतर घडले. त्या निकालाची आठवण राजकीय वर्तुळात आजही काढली जाते. म्हणजे संघटित गटाकडे आवाज असतो आणि असंघटित बहुसंख्येकडे मत असते, आणि या दोहोंपैकी कोणते पारडे जड होईल ते विषयागणिक बदलते. ‘संघटित अल्पसंख्य नेहमी जिंकतात’ हे पुस्तकी विधान विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे लिहू नये, यासाठी तरी कांद्याचे उदाहरण घ्यावेच.

ग्राहकांची संघटना होतच नाही, असा समजही पक्का होऊ देऊ नये. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत ही त्याची उत्तरे आहेत. 24 डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो तो 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून. शाळेत तो दिवस साजरा होत असेल तर हा घटक त्याच आठवड्यात घेणे सोयीचे ठरेल.

तिसरी तासिका: दार आणि साधन

कोणत्या मागणीसाठी कोणाकडे जायचे, हा प्रश्न नागरिकशास्त्रातील कोरडा वाटणारा बराच भाग जिवंत करतो. शेती आणि बाजार हे विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत, तर परदेशी व्यापार आणि आयात-निर्यात संघसूचीत. याचा अर्थ असा की, बाजार समितीच्या कारभाराबद्दलची तक्रार राज्य शासनाकडे नेता येते. निर्यातबंदीचा आदेश मात्र केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते आणि निर्यात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाकडून येते. असे असताना शेतकरी निवेदन घेऊन तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे का जातात, हे विद्यार्थ्यांना विचारावे. एक उत्तर असे की, हे अधिकारी निवेदन ‘वर’ पाठवतात. दुसरे असे की, तेथे पत्रकार येतात. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, असे की दिल्लीत कायम माणूस ठेवणे बहुतेक शेतकरी संघटनांना परवडत नाही. ज्यांना परवडते त्यांच्याकडे पाहिले की फरक कळतो: उद्योजकांची फिक्की ही संघटना 1927 पासून आहे, असोचॅम 1920 पासून, आणि अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्री ज्यांच्याशी विचारविनिमय करतात त्यांत या संघटना नेमाने असतात. कामगार संघटना आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही त्या बैठकांना बोलावले जातात. तथापि वर्षातून एकदा बोलावले जाणे आणि वर्षभर मंत्रालयांत ये-जा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

साधनांची चर्चा करताना निवेदन, शिष्टमंडळ, धरणे, मोर्चा, रास्ता रोको, बंद, जनहित याचिका, माध्यमांतील प्रचार आणि निवडणुकीतील पाठिंबा अशी साधने फळ्यावर लिहून प्रत्येकापुढे खर्च कोणाला सोसावा लागतो, असा स्तंभ करावा. निवेदनाचा खर्च देणाऱ्यालाच पडतो, रास्ता रोकोचा खर्च रस्त्यात अडकलेल्या रुग्णवाहिकेला पडू शकतो. संविधानाच्या कलम 19 ने अभिव्यक्तीचा, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा आणि संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमाने वाजवी निर्बंधांचीही तरतूद केली आहे. हे कलम येथे वाचले तर विद्यार्थ्यांना ते पाठांतरासारखे वाटत नाही.

न्यायालयाच्या मार्गासाठी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचे उदाहरण घ्यावे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापकांनी 1999 मध्ये तिची स्थापना केली. उमेदवारांनी आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निर्णय तिच्या पाठपुराव्यातून आला, आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी, नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देऊ देणारी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरली त्या खटल्यातही ती याचिकाकर्ती होती. या दुसऱ्या निर्णयातून पैशाच्या प्रश्नाकडे वळता येते. पक्षाला देणगी देणारी कंपनी त्या बदल्यात काय अपेक्षिते आणि मतदाराला ते कळण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना चांगला समजतो. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार लॉबिंग, म्हणजे एखाद्या गटासाठी पैसे घेऊन सरकारदरबारी पाठपुरावा, करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते आणि त्यावरील खर्च जाहीर करावा लागतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. लाच देणे हा गुन्हा आहे आणि आपली बाजू मांडणे हा हक्क आहे, ही रेषा येथे ठळक करावी. पण या दोहोंच्या मध्ये जो अंधुक प्रदेश आहे तो नाही, असे भासवू नये.

गट आणि पक्ष यांतील सीमारेषेसाठी शेतकरी संघटनेइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. शरद जोशी यांनी चाकणच्या कांद्यापासून सुरू केलेले आंदोलन 1980 मध्ये नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनातून राज्यभर पोहोचले, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा घरोघरी गेली. पुढे 1994 मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि 2004 ते 2010 या काळात ते राज्यसभेत होते. राजू शेट्टी यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना ऊसदराच्या आंदोलनांतून उभी राहिली आणि शेट्टी 2009 मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर निवडून आले. संघटनेने निवडणूक लढवल्याने तिची ताकद वाढते की फुटते, यावर वर्गात वाद घालू द्यावा. या वादातूनच पक्ष आणि दबावगट यांतील फरक विद्यार्थी स्वतः मांडतील, आणि तो फरक काटेकोर नसल्याचेही त्यांच्या ध्यानात येईल.

शिक्षक स्वतः एक हितसंबंधी गट आहे

वर्गात उभा असलेला शिक्षक या घटकात तटस्थ निरीक्षक नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे मला अत्यावश्यक वाटते. संविधानाच्या कलम 171 ने विधान परिषदेत माध्यमिक व त्यावरील स्तराच्या शिक्षकांना स्वतंत्र मतदारसंघ दिला आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या आणि 7 पदवीधरांच्या आहेत. संविधानाने एका व्यवसायाला सभागृहात अशी जागा द्यावी काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी शिक्षकालाच विचारला पाहिजे. डॉक्टरांना, शेतकऱ्यांना किंवा विणकरांना ती नाही.

14 ते 20 मार्च 2023 या काळात जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी झालेला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप याच कारणाने वर्गात आणण्याजोगा आहे. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली होती, शिक्षकही त्यात होते, आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा अनेक विद्यार्थ्यांनी शाळेच्या फाटकावरच वाचली होती. संप परीक्षांच्या दिवसांत झाला. विद्यार्थी हा यातील बाधित गट होता आणि त्याची संघटना नव्हती. करदाता हाही बाधित गट होता. शिक्षकाने आपली भूमिका लपवू नये आणि लादूही नये. आपण संपात होतो की नव्हतो ते एका वाक्यात सांगून, कांद्यासाठी वापरलेले तेच तीन प्रश्न या संपालाही लावण्यास वर्गाला सांगावे. ज्या वर्गात शिक्षकाच्या गटाची अशी चिकित्सा होऊ शकते, तेथे इतर गटांची चिकित्सा करताना विद्यार्थी कचरत नाहीत.

जातीच्या आणि धर्माच्या संघटनांचा प्रश्न निघणारच. 2016 पासून निघालेले मराठा क्रांती मूक मोर्चे, त्यानंतरचे आरक्षणाचे वाद आणि त्याला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या संघटना मुलांच्या घरात रोज बोलल्या जातात. या विषयाने सुरुवात करू नये, परंतु तो निघाल्यावर टाळूही नये. नियम एकच ठेवावा की, प्रत्येक गटाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातील आणि वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे केले जाणार नाही. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे कोणाला कोणती भूमिका का मिळाली, यावर पालकांची तक्रार राहत नाही. आणि विषय फारच तापला तर तासिका तेथेच थांबवून लेखी काम द्यावे. लिहिताना आवाज आपोआप उतरतो.

चौथी तासिका: निवेदन आणि त्याचे उत्तर

मूल्यमापनासाठी प्रश्नोत्तरांपेक्षा दोन लेखी कामे अधिक उपयोगी पडतात. पहिल्यात विद्यार्थ्याने ज्या गटाची बाजू त्याला पटत नाही त्या गटाच्या वतीने एका पानाचे निवेदन लिहावे: योग्य प्राधिकारी, नेमकी मागणी, तिचे कारण आणि ती मान्य झाल्यास कोणाचे नुकसान होईल याची प्रामाणिक कबुली. खऱ्या निवेदनात ही कबुली क्वचितच असते. येथे ती सक्तीची ठेवावी. दुसऱ्या कामात निवेदने अदलाबदल करून प्रत्येकाने संबंधित अधिकारी या नात्याने त्याला उत्तर लिहावे. मागणी मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि त्यामागील कारण. आपल्याच वर्गमित्राची मागणी फेटाळताना कारण शोधावे लागते, तेव्हा निर्णय घेणाऱ्याची अडचणही कळते.

वर्ग उत्साही असेल तर कल्पित निवेदनाऐवजी खरा मार्ग वापरता येतो. राज्य शासन अनेक नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवते. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातही विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. शाळेशी संबंधित एखादा मसुदा हाती आला, तर वर्गाने त्यावर एकत्रित सूचना तयार करावी. ती पाठवायची की नाही हे मुख्याध्यापक आणि पालक यांना विचारून ठरवावे, आणि पाठवणार असल्यास ती कोणत्याही पक्षाच्या किंवा संघटनेच्या पत्रावर जाऊ नये.

गुण देताना विद्यार्थ्याची भूमिका कोणती आहे, याचा विचार करू नये. वीस गुणांचे काम असेल तर योग्य दार ओळखल्याबद्दल चार, मागणी आणि लाभार्थी यांची सांगड अचूक घातल्याबद्दल सहा, नुकसान सोसणाऱ्याची नोंद केल्याबद्दल सहा आणि भाषेच्या नेटकेपणाबद्दल चार, अशी विभागणी पुरेशी होते. निवेदनात घोषणा घातली म्हणून गुण कापू नयेत. तिच्यामागे आकडा नसेल तर मात्र कापावेत.